हलका पार्सर म्हणजे नेमकं काय हलकं?

प्रश्न थोडक्यात असा. पावसाच्या नोंदींच्या सीएसव्ही फाइली वाचून तालुकावार अहवाल काढणारं एक छोटं पायथन टूल आहे. सध्या सिस-आर्गव्हीवर, म्हणजे कमांडसोबत लिहिलेल्या शब्दांच्या यादीवर, हाताने इफ-एल्स लावून काम चाललं आहे. ऑप्शन सातच: तालुका, कधीपासून, कधीपर्यंत, निकालाची फाइल, मेल पाठवायचा का, मेलचा पासवर्ड, आणि काय चाललंय ते सांगत राहा. हे शब्द वाचून त्यांचा अर्थ लावणारा भाग म्हणजे पार्सर. त्यासाठी वरिष्ठ म्हणतात पायथनसोबत येणारा आर्गपार्स घ्या, मित्र म्हणतो क्लिक ही बाहेरची लायब्ररी, आणि तिसऱ्याने सुचवलंय की उगाच लायब्ररीचं ओझं कशाला, चाळीस ओळींत स्वतःचा पार्सर होतो. पुढेमागे टूल रस्ट या भाषेत न्यायचा विचार आहे. तर हलकी लायब्ररी कोणती?

उत्तर आधी देऊन टाकतो. आर्गपार्स घ्या, आणि पार्सर बनवताना अलाऊ-अब्रेव्ह हा पर्याय फॉल्स करा. का, ते खाली येईलच. आणि यादीतला तो पासवर्ड आजच्या आज काढा. कमांड लाइनवर दिलेली प्रत्येक गोष्ट त्याच मशीनवरच्या दुसऱ्या युजरला चालू प्रोग्रॅम दाखवणारी साधी पीएस कमांड मारून दिसू शकते, वर शेलच्या (तुमच्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिस्टरीत कायमची बसते ती वेगळीच. पासवर्ड फाइलीतून वाचा, एन्व्हायर्नमेंटमधून (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या नाव-व्हॅल्यूंच्या जोड्यांतून) घ्या नाहीतर गेटपासने, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर न दाखवता, विचारा, पण ऑप्शनमध्ये नको.

खालच्या उदाहरणांत ऑप्शनांची नावं मी मराठीत घेतो आहे: --तालुका, --निकाल आणि त्याचं छोटं रूप -न, --बडबड आणि त्याचं छोटं रूप -ब. वाचायला सोपं जातं म्हणून. खऱ्या टूलमध्ये असं करावं का, तेही पुढे सांगतो.

आता "हलकी" या शब्दाकडे वळू. लोक हलकेपणा ओळींत मोजतात. आर्गपार्सची फाइल अडीच हजार ओळींच्या पुढची आहे हे खरं, पण ती पायथनच्या पोटातच येते. तुमच्या डिपेन्डन्सीच्या, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींच्या, यादीत तिच्यामुळे एकही ओळ वाढत नाही, कुणाला पिप चालवून काही उतरवून घ्यावं लागत नाही, सर्व्हरवर इंटरनेट नसलं तरी अडत नाही. याउलट तीनशे ओळींची बाहेरची लायब्ररी घेतलीत की तिची आवृत्ती सांभाळा, ती कुणी सोडून दिली तर पर्याय शोधा, सुरक्षेची सूचना आली तर धावा. हे ओझं ओळींत दिसत नाही.

"टूल सुरू व्हायलाच वेळ लागतो" ही तक्रार असेल तर पार्सरवर आळ घेण्याआधी पायथन -एक्स इम्पोर्टटाइम लावून एकदा चालवा. कुठल्या मॉड्यूलने किती वेळ खाल्ला ते ओळीओळीने दिसतं. माझ्या अनुभवात अशा टूलमध्ये दोषी निघतो तो फाइलीच्या पहिल्या ओळीत इम्पोर्ट केलेला पांडाज, म्हणजे तक्ते हाताळणारी मोठी लायब्ररी. युजरने फक्त --हेल्प मागितलं तरी बिचारा पांडाज आधी पूर्ण उठून बसतो. पांडाजचा इम्पोर्ट काम करणाऱ्या फंक्शनच्या आत ढकला, म्हणजे आर्ग्युमेंट तपासून झाल्यावरच तो चढेल. चुकीचा ऑप्शन दिला तर चूकही लगेच कळेल. एवढ्या एका बदलाने टूल "हलकं" वाटायला लागतं, आणि लायब्ररी बदलण्याचा विषयच संपतो.

माझ्या लेखी पार्सरचं खरं वजन एकाच गोष्टीत असतं: तो तुमच्या वतीने किती अंदाज बांधतो. जितके अंदाज जास्त, तितकं पुढे निस्तरणं जास्त. हे नीट दाखवण्यासाठी एक कमांड जवळून बघू.

पाऊस -बन जून.टीएक्सटी नोंदी.सीएसव्ही

प्रोग्रॅमच्या हातात शब्दांची एक यादी येते. अवतरणचिन्हं काढणं, फुलीचा (*) विस्तार करणं, म्हणजे तिच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं घालणं, हे शेलने आधीच उरकलेलं असतं. (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र फुली तशीच्या तशी येते, तिथे विस्तार तुम्हालाच करावा लागतो. ऑफिसात कुणी विंडोजवर चालवणार असेल तर लक्षात ठेवा.) पार्सर दुसरा शब्द घेतो. सुरुवातीला डॅश आहे, पुढे काहीतरी आहे, म्हणजे ऑप्शन. पहिलं अक्षर ब. यादीत बघतो, ब ला व्हॅल्यू लागत नाही, टिक केली. पुढचं अक्षर न. याला व्हॅल्यू लागते. या शब्दात पुढे काही उरलं आहे का? नाही. मग पुढचा अख्खा शब्द, जून.टीएक्सटी, निकालाची फाइल झाला. उरलेली नोंदी.सीएसव्ही ही साधी आर्ग्युमेंट.

आता अक्षरं उलटी करा: -नब. न ला व्हॅल्यू हवी, आणि शब्दात पुढे ब उरलाय. म्हणून ब हीच व्हॅल्यू. निकाल "ब" नावाच्या फाइलीत जाईल, बडबड बंदच राहील, आणि जून.टीएक्सटी ही वाचायची फाइल समजली जाईल. यात पार्सरचं काही चुकलेलं नाही. ठरलेल्या नियमाने तो वागला. मुद्दा असा की न ला व्हॅल्यू लागते आणि ब ला लागत नाही हे आधी जाहीर केलेलं असेल, तरच हा नियम चालवता येतो. जाहीरनामा नसेल तर -बन म्हणजे दोन ऑप्शन की एक ऑप्शन आणि त्याची व्हॅल्यू, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

युनिक्सवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. एटी अँड टीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतलं गेटऑप्ट हे ऑप्शन वाचणारं फंक्शन १९८० च्या आधीचं. १९८५ साली डॅलसला झालेल्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याचा सोर्स सर्वांसाठी खुला केला, आणि तेव्हापासून सीच्या जगात तेच चालू आहे. त्याला तुम्ही द्यायची एकच छोटी स्ट्रिंग: कुठली अक्षरं चालतील, आणि ज्याला व्हॅल्यू लागते त्याच्यापुढे एक कोलन (:). संपला जाहीरनामा. पुढे पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाण नियमावलीने, हे वळण नियमांत बांधलं: ऑप्शनचं नाव एका अक्षराचं, बिनव्हॅल्यूचे ऑप्शन एकत्र लिहिता येतील, व्हॅल्यू ऐच्छिक ठेवू नये, आणि नुसते दोन डॅश आले की त्यापुढचं सगळं साधी आर्ग्युमेंट. लांब नावांचे दोन डॅशवाले ऑप्शन ही ग्नूची, म्हणजे युनिक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रकल्पाची, देणगी. फाइलींची नावं आधी आणि ऑप्शन नंतर लिहिले तरी चालवून घ्यायची सवयही ग्नूनेच लावली. पॉझिक्सली-करेक्ट हे एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलं की ती बंद होते.

जाहीरनामा न मागणारी लायब्ररी कशी वागते ते बघायचं तर नोडचं (ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं) मिनिमिस्ट घ्या. लहान, सुटसुटीत, असंख्य पॅकेजेसच्या पोटात शिरलेलं. काही न सांगता त्याला --बडबड नोंदी.सीएसव्ही दिलं तर ते म्हणतं, बडबड या ऑप्शनची व्हॅल्यू नोंदी.सीएसव्ही. वाचायची फाइल गायब. बडबड हा बूलियन, म्हणजे नुसता हो-नाही प्रकारचा, आहे असं तुम्ही सांगितलं की मग ते शहाण्यासारखं वागतं. दुसरी खोड आकड्यांची. --गट ००४१ दिलं, इंग्रजी आकड्यांत, तर हातात ४१ येतो. पुढची शून्यं उडाली. गट क्रमांक, पिनकोड, केंद्राचे कोड अशा सगळ्या ठिकाणी हे बाधतं. कोड १ई५ असेल तर तो एक लाख होतो. स्ट्रिंग म्हणून जाहीर केलं तर वाचतं, पण मग जाहीरनाम्यापासून सुटका कुठे झाली? शिवाय ऑप्शनच्या नावात टिंब घालून आतल्या ऑब्जेक्टमध्ये व्हॅल्यू ठेवायची सोय त्यात होती, तिच्यातून प्रोटोटाइप पोल्यूशनची, म्हणजे बाहेरच्या माणसाला सगळ्या ऑब्जेक्टचा मूळ साचाच बिघडवू देणारी, भगदाडं निघाली. जाहीर सुरक्षा-दोषांच्या यादीत त्यांचे क्रमांक: सीव्हीई-२०२०-७५९८, आणि ते बुजवल्यावर पुन्हा सीव्हीई-२०२१-४४९०६. छोट्या लायब्ररीत केलेली एक मोठी सोय अशी महागात जाते.

आता आर्गपार्सचा तो अलाऊ-अब्रेव्ह. ग्नूच्या परंपरेतून आलेली ही सवय अशी: लांब ऑप्शनचं पूर्ण नाव न लिहिता सुरुवातीची काही अक्षरं लिहिली, आणि ती एकाच ऑप्शनला लागू पडत असली, तर पार्सर ते चालवून घेतो. आर्गपार्समध्ये हे डिफॉल्ट चालू असतं. बोटांना सोयीचं वाटतं.

एका जुन्या नोकरीत आमचंही असंच अहवाल काढून मेल करणारं एक टूल होतं. त्यात --ड्राय-रन नावाचा ऑप्शन: सगळं कर, फक्त मेल पाठवू नकोस. रोज रात्री चाचणीसाठी क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, ते चालायचं, आणि क्रॉनची ओळ लिहिणाऱ्याने (म्हणजे मीच तो) आळसाने नुसतं --ड्राय लिहिलं होतं. दोनेक वर्षं सुरळीत चाललं. मग एका सहकाऱ्याने नवीन ऑप्शन टाकला: सलग कोरड्या दिवसांची यादी द्यायची. नाव काय ठेवलं? --ड्राय. त्याच्या बाजूने अगदी बरोबर. पण नाव तंतोतंत जुळलं की आर्गपार्स संक्षेपाचा विचारच करत नाही. त्या रात्रीपासून माझी क्रॉनची ओळ "कोरडे दिवस दाखव आणि मेल पाठव" अशी झाली. एरर नाही, वॉर्निंग नाही. चाचणीचा मजकूर खऱ्या यादीतल्या सगळ्यांना गेला आणि सकाळी चहाच्या आधी फोन सुरू झाले. कोड रिव्ह्यूमध्ये हे कुणालाही दिसलं नसतं, कारण चूक त्या कोडमध्ये नव्हतीच, ती दुसऱ्या मशीनवरच्या क्रॉनटॅबमध्ये झोपली होती.

नवीन नाव --ड्राय-डेज असतं तर निदान "संदिग्ध ऑप्शन" म्हणून टूल ओरडून थांबलं असतं. गुपचूप अर्थ बदलणं हे थांबण्यापेक्षा वाईट. म्हणून अलाऊ-अब्रेव्ह फॉल्स. ही सोय पायथन ३.५ पासून आहे, पण ३.८ च्या आधीच्या आवृत्त्यांत ती लावली की -बन सारखं एकत्र लिहिणंही बंद पडायचं. इतका जुना पायथन अजून कुठल्या सर्व्हरवर असेल तर बघून घ्या.

आर्गपार्सचे आणखी दोन-तीन काटे सांगतो, कारण तुमच्या यादीत ते टोचणारच आहेत.

मेल पाठवायचा का, यासाठी टाइप म्हणून बूल देण्याचा मोह होईल. देऊ नका. मग --मेल फॉल्स लिहिलं तरी मेल जाईल. कारण आर्गपार्स त्या शब्दाला नुसतं बूल फंक्शनमधून काढतो, आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू असते, मग त्या स्ट्रिंगमध्ये फॉल्स लिहिलेलं का असेना. स्टोअर-ट्रू वापरा, म्हणजे नुसता ऑप्शन लिहिला की ट्रू. हो आणि नाही दोन्ही रूपं हवी असतील तर पायथन ३.९ पासून बूलियन-ऑप्शनल-ॲक्शन आहे, ते --मेल आणि --नो-मेल अशी जोडी आपोआप करतं.

हेल्पच्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह. "सरासरीच्या ९०% पेक्षा कमी पाऊस झालेले तालुके दाखव" असं तुम्ही लिहिणारच. आर्गपार्स हेल्पच्या स्ट्रिंगवर जुन्या पद्धतीचं टक्केवालं फॉरमॅटिंग चालवतो, त्यामुळे "% पे" हे त्याला फॉरमॅटचं चिन्ह वाटतं आणि तो व्हॅल्यूएरर देतो. गंमत म्हणजे बऱ्याच आवृत्त्यांत हे फक्त --हेल्प मागितल्यावरच घडतं. बाकी टूल उत्तम चालतं. म्हणजे ज्याला मदत हवी त्याच्याच तोंडावर ट्रेसबॅक. टक्का दोनदा लिहा, आणि टेस्टमध्ये एकदा तरी --हेल्प चालवा.

ऐच्छिक व्हॅल्यू. --निकाल असं नुसतं लिहिलं तर डिफॉल्ट फाइल, आणि नाव दिलं तर त्या फाइलीत, अशी सोय करावीशी वाटते. मग कुणीतरी --निकाल नोंदी.सीएसव्ही लिहितो, त्याच्या मनात नोंदी.सीएसव्ही ही वाचायची फाइल असते, आणि पार्सर ती निकालाची फाइल म्हणून पोटात घालतो. पुढे वाचायला फाइल नाही म्हणून थांबला तर नशीब. पॉझिक्सने हे नको म्हटलंय ते उगाच नाही. दोन वेगळे ऑप्शन करा. आणि ज्या व्हॅल्यूची सुरुवातच डॅशने होते ती देताना मधे बरोबरचं चिन्ह वापरा, नाहीतर आर्गपार्स "एक आर्ग्युमेंट अपेक्षित" म्हणून परत पाठवतो.

आता तो भाग जो इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्ये सापडणार नाही, आणि तालुक्यांची नावं देवनागरीत घेणार असाल तर तुमच्या वाट्याला येणारच आहे.

चॉइसेसमध्ये, म्हणजे चालणाऱ्या व्हॅल्यूंच्या यादीत, तुम्ही तालुक्यांची नावं दिलीत. त्यात कऱ्हाड आहे. (काही जण कराड लिहितात, तो घोळ वेगळा.) युजरने कऱ्हाड टाइप केलं आणि टूल म्हणालं: अवैध पर्याय कऱ्हाड, उपलब्ध पर्याय कऱ्हाड. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मशीनला नाहीत. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. शब्दाची लांबी सहा. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त, लांबी सात. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. ही लांबीही सातच. कीबोर्ड आणि जुने कन्व्हर्टर आपापल्या सवयीने यातलं काहीही टाकतात. युनिकोडडेटा मॉड्यूलचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणं) पहिल्या दोघांना एक करतं. तिसऱ्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समरूप नाहीतच. त्यासाठी र, हलन्त, जॉइनर ही त्रयी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त घालायचं, असं एक ओळीचं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. आर्गपार्स आधी टाइपचं फंक्शन चालवतो आणि मग चॉइसेस तपासतो. म्हणून हे सगळं टाइपला दिलेल्या फंक्शनमध्ये करा, आणि चॉइसेसची यादीही त्याच फंक्शनमधून काढून ठेवा. सीएसव्हीतली नावंसुद्धा तिथूनच न्या, नाहीतर आगीतून फुफाट्यात: ऑप्शन स्वीकारला जाईल आणि अहवालात कऱ्हाडचा पाऊस शून्य दिसेल.

आकडे. पायथनचं इंट देवनागरी आकडे बिनतक्रार घेतं. १२३ असं दिलं तर एकशे तेवीसच हातात येतात. नोडमध्ये नंबर फंक्शन त्याचं नॅन (आकडाच नाही) करतं, रस्टचं पार्स एरर देतं, सीचं एटोआय शून्य देतं. पण पायथनमध्येही तारखेच्या फ्रॉमआयसोफॉरमॅटला देवनागरी आकडे चालत नाहीत. म्हणजे एकाच टूलमध्ये --दिवस ३० चालेल आणि --पासून २०२४-०६-०१ अडेल, आणि युजर डोकं धरून बसेल. ठरवा: एकतर सगळीकडे आधी आकडे बदलून घ्या, नाहीतर सगळीकडे नाकारा. मी बदलून घेतो. रस्टमध्ये नेताना हे हमखास विसरलं जातं, तेव्हा आत्ताच टेस्टमध्ये टाका.

ऑप्शनांची नावंच मराठीत ठेवावीत का? लांब नावं चालतात. पायथन ३ त्यांना नाही म्हणत नाही. छोटी नावं मात्र चुकूनही नको. वर मी -ब आणि -न घेतले ते समजावण्यापुरते. सीचं गेटऑप्ट बाइट मोजतं, आणि न हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. त्याला ते तीन वेगवेगळे ऑप्शन वाटतात. पायथन बाइटऐवजी कोडपॉइंट (युनिकोडचं एकेक चिन्ह) बघतो, तरी सुटका नाही: कुणी घाईत -नि टाइप केलं तर तो -न ऑप्शन झाला आणि त्याची व्हॅल्यू झाली नुसती ऱ्हस्व वेलांटी. त्या नावाची फाइल मी डिरेक्टरीत पाहिलेली आहे. एलएसने फाइलींची यादी काढली की एक ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यावर वेलांटी.

हेल्पचा मजकूर मराठीत जरूर लिहा, ज्यांच्यासाठी टूल आहे त्यांना तोच लागतो. फक्त मेटाव्हार, म्हणजे ऑप्शनपुढे दिसणारा नमुना शब्द, इंग्रजी ठेवा. आर्गपार्स डाव्या रकान्याची रुंदी स्ट्रिंगच्या लांबीवरून काढतो, आणि "तालुका"ची लांबी त्याच्या हिशेबी सहा असते, पडद्यावर मात्र उकार वेगळी जागा घेत नाही. रकाने वाकडेतिकडे होतात. डावी बाजू इंग्रजी असली की ती सरळ राहते. उजवीकडचा मराठी मजकूर थोडा लवकर मोडतो, ते खपून जातं.

आणि शेवटचा देशी आजार, व्हॉट्सॲप आणि वर्डमधून कॉपी केलेली कमांड. दोन डॅशचा एक लांब डॅश झालेला असतो. पार्सरच्या दृष्टीने तो डॅशच नाही, त्यामुळे "—तालुका ही फाइल सापडली नाही" असं काहीतरी अगम्य उत्तर येतं. पार्स करण्याआधी सगळ्या शब्दांवरून एक नजर फिरवा. एखादा शब्द एन डॅश किंवा एम डॅशने सुरू होत असेल तर थांबून सरळ सांगा की बाबा, हा डॅश चुकीचा आहे, हाताने टाइप कर. चार ओळींचं काम आहे. आमच्याकडे त्यानंतर मदतीचे फोन लक्षात येण्याइतके कमी झाले. मात्र हे आपोआप दुरुस्त करून पुढे जाऊ नका, खरोखर तशा नावाची फाइल असू शकते.

चाळीस ओळींचा स्वतःचा पार्सर. तुमच्या तिसऱ्या मित्राला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. एक फाइल घेणारं, एकही ऑप्शन नसलेलं टूल असेल तर चाळीस काय, चार ओळी पुरेत. सात ऑप्शन झाले की नाही. कारण पार्सर ही प्रोग्रॅमची पहिली चौकी असते, आणि तिथे काय येईल ते तुमच्या हातात नसतं.

पीकेएक्सेकचं उदाहरण घ्या. लिनक्सवर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने कमांड चालवून देणारा हा प्रोग्रॅम. त्यात आर्ग्युमेंटवरून फिरणारा साधा फॉर लूप होता, एकपासून सुरू होणारा, कारण शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असतं हे सगळ्यांनाच माहीत. पण प्रोग्रॅमला एकही शब्द न देता, अगदी त्याचं नावही न देता, चालवता येतं. मग यादी शून्य लांबीची, आणि एकाव्या जागी वाचायला गेलं की मेमरीत तिला लागून असलेलं एन्व्हायर्नमेंट हाताला लागतं. पुढे त्याच जागी लिहिलंही जायचं. कुठलाही साधा युजर त्यातून रूट होऊ शकत होता. २००९ पासून कोडमध्ये असलेली ही चूक क्वालिस या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केली, सीव्हीई-२०२१-४०३४. त्यानंतर लिनक्स कर्नलनेच ५.१८ पासून अशी रिकामी यादी आली तर एक रिकामी स्ट्रिंग घालायला सुरुवात केली.

पायथनमध्ये अशी मेमरीची भीती नाही, मान्य. पण डॅशने सुरू होणाऱ्या व्हॅल्यूची आहे. तुमचं टूल आतून दुसरी कमांड चालवत असेल आणि फाइलीचं नाव युजरकडून येत असेल, तर ते नाव डॅशने सुरू झाल्यावर पुढची कमांड त्याला ऑप्शन समजेल. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये २०१७ साली हेच सापडलं: दूरच्या मशीनला जोडणाऱ्या एसएसएचच्या पत्त्यात होस्टच्या जागी डॅशने सुरू होणारा मजकूर घातला की तो एसएसएचला ऑप्शन म्हणून जायचा, आणि त्यातून हवी ती कमांड चालवता यायची. उपाय जुनाच: पुढच्या कमांडला आधी दोन डॅश द्या आणि मग नाव, किंवा नावापुढे ./ लावा.

तरीही स्वतः लिहायचाच असेल तर निदान एवढ्या ओळी टेस्टमध्ये ठेवा: काहीच न देता, नुसता एक डॅश, जो बहुतेक टूलमध्ये स्टँडर्ड इनपुट असतो, नुसते दोन डॅश, आणि त्यापुढे -जुनी.सीएसव्ही नावाची फाइल; --निकाल=, बरोबरपुढे रिकामं; --निकाल अगदी शेवटी, व्हॅल्यूशिवाय; एकच ऑप्शन दोनदा; आणि उणे पाच हा आकडा. प्रत्येक ठिकाणी काय व्हायला हवं हे आधी कागदावर लिहा. लिहिता लिहिता बऱ्याच जणांचा विचार बदलतो, माझाही बदलला होता. चूक झाल्यावर संदेश स्टँडर्ड एररवर आणि एक्झिट कोड २, मागितलेली मदत स्टँडर्ड आउटपुटवर आणि कोड ०, हेही लागेल. आर्गपार्स हे सगळं आधीच करतो.

क्लिकबद्दल. आर्मिन रोनाखरने २०१४ मध्ये आणलेली ही लायब्ररी चांगली आहे, मी वापरतो. टूलला पोटकमांड फुटायला लागल्या, म्हणजे पाऊस आयात, पाऊस अहवाल, पाऊस तपासणी असं होऊ लागलं, की क्लिकचे डेकोरेटर आणि टेस्टिंगची सोय कामाला येते. सात ऑप्शनांसाठी नको. डॉकऑप्टचं कुणी सुचवेल: हेल्पचा मजकूर लिहा, त्यावरूनच पार्सर तयार. पहिल्यांदा पाहिलं की प्रेमात पडायला होतं. पण युजर चुकला की ते वापराचा मजकूर पुन्हा तोंडावर फेकतं, नेमकं काय चुकलं ते सांगत नाही. ऑफिसातल्या माणसाला तेवढ्यावरून काही उमगत नाही.

रस्टमध्ये नेताना दोन वाटा आहेत. माणसं वापरणार असतील तर क्लॅप ही लायब्ररी: सुबक हेल्प, "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" अशा सूचना, पण कंपाइलचा वेळ आणि बायनरीचा आकार वाढतो. तुमच्यासाठी मी दुसरी, लेक्सऑप्ट, सुचवेन. डिपेन्डन्सी शून्य. ते तुम्हाला एकेक तुकडा हातात देतं, हा छोटा ऑप्शन, हा लांब, ही व्हॅल्यू, आणि पुढचं मॅच, म्हणजे कुठला तुकडा आला तर काय करायचं ते, तुम्ही लिहायचं. -न ला व्हॅल्यू लागते हे तुम्ही त्या मॅचमध्येच सांगता, त्यामुळे अंदाजाला जागा उरत नाही. हेल्प मात्र हाताने लिहावा लागतो, आणि टक्क्याचं चिन्ह एकदाच लिहिलं तरी चालतं. फाइलींची नावं त्यात ओएस-स्ट्रिंग म्हणून येतात; ती घाईने स्ट्रिंगमध्ये बदलू नका, लिनक्सवर फाइलीचं नाव यूटीएफ-८ असेलच असं नाही. पाथसाठी तशीच वापरा. तालुक्याचं नाव तेवढं स्ट्रिंगमध्ये बदलून त्या नॉर्मलायझेशनच्या फंक्शनमधून न्या. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत एनएफसी नाही, त्यासाठी युनिकोड-नॉर्मलायझेशन हे क्रेट (रस्टची बाहेरची लायब्ररी) लागेल.

नोडवाले कुणी वाचत असतील तर: मिनिमिस्टऐवजी नोडमध्येच आलेलं यूटिल-पार्सआर्ग्ज बघा. १८.३ पासून आहे, आवृत्ती २० मध्ये स्थिर झालं. डिफॉल्ट कडक आहे, अनोळखी ऑप्शनवर एरर फेकतं, प्रकार दोनच ठेवलेत, स्ट्रिंग आणि बूलियन, त्यामुळे ००४१ हा ००४१ च राहतो. गो मध्ये फ्लॅग पॅकेज पुरतं, फक्त ते पहिली साधी आर्ग्युमेंट आली की ऑप्शन बघणं थांबवतं आणि अक्षरं एकत्र लिहू देत नाही, हे युजरला सांगून ठेवा. सी मध्ये गेटऑप्ट. शेल स्क्रिप्टमध्ये गेटऑप्ट्स, लांब नावांचा हट्ट सोडून.

तुमच्या सध्याच्या टूलच्या बाबतीत बदल करण्यापूर्वी एक काम करा: ते जिथे जिथे क्रॉनमधून किंवा दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालतं, त्या सगळ्या ओळी ग्रेप कमांडने शोधून एका फाइलीत काढा आणि नव्या पार्सरला त्याच टेस्ट म्हणून द्या. हाताने लिहिलेला इफ-एल्स काय काय चालवून घेत होता, ते तेव्हाच कळेल.